हातातल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द काढायचा कसा?

समोर सहा अक्षरं आहेत: जी, एच, आय, के, एन, टी. बहुतेकांना पहिल्या दहा सेकंदांत ‘नाइट’ म्हणजे रात्र दिसते, मग ‘थिंग’ दिसतो. दोन्ही पाच अक्षरी. ‘के’ हातात उरतं आणि आपण ते पुढच्या डावासाठी ठेवून देतो. खरं तर ते रात्रीच्या पुढे नुसतं उभं करायचं होतं, की घोड्यावरचा सरदार ‘नाइट’ तयार. उच्चार तोच, फक्त सुरुवातीला मुका ‘के’.

मीही बराच काळ अशी अक्षरं वाया घालवली आणि खापर शब्दसंग्रहावर फोडलं. शब्दकोश चाळला, अवघड शब्द पाठ केले, फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो मी शब्द कानानं शोधतोय हे लक्षात आल्यावर. देवनागरीवर वाढलेल्या माणसाची ही सवयच असते. आपल्याकडे जे ऐकू येतं ते जवळपास तसंच लिहिलं जातं, त्यामुळे मनातल्या मनात उच्चार जुळवत गेलं की शब्द सापडतो. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराला तेवढं बांधील नाही. तिथे शब्द डोळ्यानं शोधावा लागतो: कोणतं अक्षर कोणाशेजारी बसतं आणि शब्दात कुठे बसतं, हे बघत. या लेखातल्या सगळ्या पद्धती या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

लेखात अक्षरांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. ‘ए’ म्हणजे वर्णमालेतलं पहिलं अक्षर, ‘ई’ पाचवं, ‘आय’ नववं. स्पेलिंग सांगायचं असेल तिथे क्यू-आय असं आडव्या रेघेनं जोडलं आहे. वाचताना शेजारी कागद ठेवा आणि ते रोमन अक्षरांत लिहून बघा. डोळ्याला सवय लागायची तर ती तशीच लागते.

आधी प्रश्न नीट ओळखा

‘या अक्षरांचा शब्द हवा’ या एका वाक्यात निदान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि प्रत्येक खेळ त्यातला वेगळा विचारतो.

स्क्रॅबलचा प्रश्न असतो: हातातल्या सात टाइल्स, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या, आणि पटावरची एखाददुसरी टाइल वापरून काय होतं? अक्षर जितक्या वेळा हातात आहे तितक्याच वेळा वापरता येतं. स्पेलिंग बी या खेळात सात अक्षरं असतात, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, शब्द किमान चार अक्षरी हवा, पण कोणतंही अक्षर कितीही वेळा घेता येतं. वर्डलचा प्रश्न जागेचा आहे: पाच घरं, कोणत्या घरात काय आहे आणि काय नाही. शब्दकोड्यातही जागाच महत्त्वाची, शिवाय अर्थाचा धागा मिळतो. बॉगलमध्ये सोळा फासे चार बाय चारच्या चौकटीत पडतात आणि तीन मिनिटांत एकमेकांना चिकटलेल्या अक्षरांवरूनच शब्द फिरवत न्यावा लागतो.

हे फरक वरवरचे वाटतात, पण चुका इथेच होतात. स्पेलिंग बी खेळताना स्क्रॅबलची सवय असलेला माणूस एक अक्षर एकदाच वापरतो आणि दुहेरी अक्षरांचे सगळे शब्द सोडून देतो. उलट सवयीचा माणूस स्क्रॅबलमध्ये नसलेलं दुसरं ‘ई’ गृहीत धरतो. संकेतस्थळावर शोधतानाही तसंच. ‘ए आणि ई असलेले शब्द’ आणि ‘ए-ई जोडून असलेले शब्द’ हे दोन शोध आहेत, आणि चुकीच्या रकान्यात अक्षरं टाकली की यादी कामाची उरत नाही.

कागदावरची पद्धत

आता सात अक्षरं घेऊन सगळी रीत एकदा करून बघू. ए, ई, जी, आय, एन, आर, टी. सात अक्षरांच्या मांडण्या ५,०४० होतात. त्या एकेक करून बघणं शक्य नाही, आणि गरजही नाही.

पहिलं काम म्हणजे अक्षरांचा क्रम मोडणं. सरळ ओळीत पडलेली अक्षरं डोळा एक शब्द म्हणून वाचू लागतो आणि त्या वाचनात अडकतो. कागदावर ती गोलात लिहा, किंवा टाइल्स असतील तर दर अर्ध्या मिनिटाला जागा बदला. अनुभवी खेळाडू रॅकवरच्या, म्हणजे समोरच्या पट्टीवर मांडलेल्या टाइल्स सतत हलवत असतात, ते याचसाठी.

दुसरं काम, शेवट बाजूला काढणं. इंग्रजी शब्दांच्या शेपट्या मोजक्या आहेत: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, एल-वाय, आय-ओ-एन, ए-बी-एल-ई, एन-ई-एस-एस. आपल्या सात अक्षरांत आय-एन-जी आहे. ती तीन उजवीकडे सरकवा. उरली चार: ए, ई, आर, टी. सातांचं कोडं चारांचं झालं. चारांतून ‘टेअर’ म्हणजे फाडणं लगेच दिसतं, आणि ‘टेअरिंग’ तयार होतो.

इथे थांबू नका. तिसरं काम, शेपटी मोडून आता डोकं धरून बघणं. जी-आर ही जोडी शब्दाच्या सुरुवातीला आवडीनं बसते. जी-आर-ए पर्यंत आलात की ‘ग्रेन’ दिसतो, ‘ग्रेट’ दिसतो, आणि उरलेल्या अक्षरांकडे नजर गेली की ‘ग्रॅनाइट’ समोर येतो. आय-एन डोक्याला लावून बघा: ‘इन्ग्रेट’, म्हणजे कृतघ्न माणूस. एकाच सात अक्षरांतून तीन पूर्ण शब्द. स्क्रॅबलमध्ये साती टाइल्स एका खेळीत लावल्या की ५० गुण वरकड मिळतात, म्हणून हे तिसरं काम आळस न करता करावं. शिवाय पटावर मोकळ्या जागा कुठे आहेत यावर तीनपैकी कोणता शब्द बसेल ते ठरतं. एकच शब्द सापडला असेल आणि तो बसत नसेल, तर सापडूनही उपयोग होत नाही.

डोक्यासाठी री, अन, इन, डिस, मिस, आउट, ओव्हर, प्री हे उपसर्ग तपासून बघायचे. त्यातला ‘आउट’ हा स्क्रॅबलमध्ये फार उपयोगी आहे, कारण कितीतरी क्रियापदांना तो लागतो आणि रोजच्या बोलण्यात आपण ती रूपं वापरत नसल्यामुळे सुचत नाहीत.

स्वर आणि व्यंजनं वेगळी मांडून बघण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला त्याचा उपयोग एवढ्यापुरताच वाटतो की किती स्वर आहेत ते कळतं. शब्द दिसतो तो जोड्यांतून.

जोड्या, आणि ‘एच’ची करामत

कानाच्या सवयीचा सगळ्यात मोठा फटका ‘एच’ला बसतो. आपल्याला ‘ह’ ऐकू येतो तिथेच ‘एच’ आठवतं. पण इंग्रजीत हे अक्षर बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी हात धरून असतं: सी-एच, एस-एच, टी-एच, पी-एच, डब्ल्यू-एच, जी-एच, आर-एच. हातात ‘एच’ आलं की ‘ह’ने सुरू होणारे शब्द शोधण्याआधी या सोबत्यांपैकी कोण हातात आहे ते बघा.

उदाहरण म्हणून ए, ई, एच, पी, आर, एस घ्या. एस-एच जोडून बघितलं तर ‘शेपर’, म्हणजे आकार देणारा. ‘शेर्पा’ही मिळतो, आणि तो शब्दकोशात सामान्यनाम म्हणून आहे. पी-एच सुरुवातीला ठेवलं तर ‘फ्रेज’. तीच जोडी शेवटी नेली तर ‘सेराफ’, म्हणजे देवदूतांचा एक प्रकार. तोंडानं ‘फ’ म्हणत बसणारा माणूस ‘एफ’ शोधत राहील आणि हातात ते नाहीच म्हणून सोडून देईल.

म्हणून एकेका ध्वनीला इंग्रजीत किती रूपं आहेत ती एकदा मनात बसवून घ्यावीत. ‘फ’ साठी एफ, दोन एफ, पी-एच आणि ‘रफ’, ‘टफ’मधला जी-एच. ‘क’ साठी सी, के, सी-के, क्यू, आणि ‘कोरस’, ‘एको’मधला सी-एच. ‘श’ साठी एस-एच, ‘नेशन’मधला टी-आय, ‘स्पेशल’मधला सी-आय, ‘मशीन’मधला सी-एच. ‘ज’ साठी जे, जी आणि शेवटी डी-जी-ई, जसा ‘ब्रिज’, ‘बॅज’. ‘न’ने सुरू होणाऱ्या शब्दापुढे के किंवा जी मुकं असू शकतं, ‘र’पुढे डब्ल्यू मुकं असू शकतं, जसं ‘राइट’ म्हणजे लिहिणं, ‘रिंकल’, ‘रिस्ट’, ‘स’पुढे पी, जसा ‘साम’ म्हणजे स्तोत्र. शब्दाच्या शेवटी एम-बी आणि एम-एन असतात: ‘लँब’, ‘थंब’, ‘कॉलम’, ‘ऑटम’. हातात ‘के’ आणि ‘एन’ एकत्र आले की एकदा तरी के-एन जोडून बघायचंच, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

काय होत नाही हेही तितकंच कामाचं. सी-के, एन-जी, एन-के यांनी साधा इंग्रजी शब्द सुरू होत नाही. ‘व्ही’ने शब्द सहसा संपत नाही, मागे ‘ई’ लागतंच: ‘गिव्ह’, ‘लव्ह’, ‘ऑलिव्ह’. ‘रेव्ह’ आर-ई-व्ही, ‘शिव’ एस-एच-आय-व्ही असे थोडे अपवाद. ‘जे’ने संपणारे शब्द बोटावर मोजण्याइतके.

अवघड पाहुणे: क्यू, झेड, एक्स, जे, व्ही

स्क्रॅबलच्या १०० टाइल्समध्ये ९८ अक्षरांच्या आणि दोन कोऱ्या, म्हणजे कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या, असतात. ‘ई’ बारा, ‘ए’ आणि ‘आय’ नऊ-नऊ, ‘ओ’ आठ. आणि क्यू, झेड, जे, एक्स, के प्रत्येकी फक्त एक. हा खेळ अमेरिकी वास्तुरचनाकार आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात तयार केला, आणि वृत्तपत्रांतली अक्षरं मोजून त्यांनी हे प्रमाण ठरवलं. चालू मजकुरात ‘टी’ हे ‘ई’खालोखाल येतं, कारण ‘द’, ‘दॅट’, ‘धिस’ असे शब्द ओळीओळीत असतात. पण शब्दांच्या यादीत हे शब्द एकदाच मोजले जातात. बट्सनी टी सहाच ठेवले आणि एच दोनच. ‘एस’ही फक्त चार ठेवले, नाहीतर कुठल्याही शब्दाला अनेकवचन लावणं फार सोपं झालं असतं.

‘क्यू’ आणि ‘झेड’ला १० गुण, ‘जे’ आणि ‘एक्स’ला ८, ‘के’ला ५. गुण पाहून लोक या अक्षरांसाठी मोठा शब्द शोधत बसतात आणि डावभर ते अक्षर हातात अडकून राहतं. माझं मत उलट आहे: जड अक्षराला छोटा शब्द आणि चांगली जागा द्या.

क्यू. हातात ‘यू’ असेल तर क्यू-यू ही एकच टाइल समजा आणि पुढे स्वर ठेवा. मागून बघायचं तर क्यू-यू-ई ही शेपटी फार चांगली: ‘युनिक’, ‘अँटिक’, ‘ओपेक’, ‘टॉर्क’, ‘प्लाक’. पुढे ‘एस’ लावून एस-क्यू-यू, किंवा ई-क्यू-यू, ए-सी-क्यू-यू. ‘यू’ नसेल तर क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द आहे, ‘ची’ असा उच्चार, चिनी विचारातली जीवनऊर्जा. उत्तर अमेरिकेच्या स्क्रॅबल यादीत तो २००६ मध्ये आला आणि तेव्हापासून ‘क्यू’ची भीती बरीच कमी झाली. क्यू-ए-टी हाही चालतो. आणि मराठी वाचकाला फुकट मिळालेले काही शब्द आहेत: फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, नकाब एन-आय-क्यू-ए-बी, तलाक टी-ए-एल-ए-क्यू, बुरखा बी-यू-आर-क्यू-ए. मूळच्या नुक्तेवाल्या ‘क’साठी इंग्रजीनं ‘क्यू’ घेतलं. बुरख्याच्या बाबतीत मात्र मराठी ‘ख’मुळे चकायला होतं.

झेड. दोन जागा आवडत्या: स्वर आणि शेवटचं ‘ई’ यांच्या मध्ये, जसे ‘गेझ’, ‘मेझ’, ‘साइझ’, ‘प्राइझ’, किंवा शेवटच्या ‘वाय’आधी, ‘लेझी’, ‘हेझी’, ‘क्रेझी’. टी-झेड ही शेपटीही लक्षात ठेवा: ‘वॉल्ट्झ’, ‘ब्लिट्झ’, ‘क्वार्ट्झ’. दोन अक्षरी झेड-ए जगभरच्या दोन्ही मुख्य याद्यांत, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या आणि बाकी जगात चालणाऱ्या कॉलिन्सच्या, चालतो. ‘जाझ’ सुचला तर आनंद होण्याआधी आठवा की झेड एकच आहे, दुसऱ्यासाठी कोरी टाइल लागेल आणि तिला शून्य गुण.

एक्स. जड अक्षरांत हे सगळ्यात मनमिळाऊ. पाच दोन अक्षरी शब्द त्याच्याकडे आहेत: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. शब्दाच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर आधी जवळजवळ नेहमी स्वर असतो. व्यंजन आलंच तर ते बहुधा ‘एन’: ‘जिंक्स’, ‘लिंक्स’, ‘स्फिंक्स’, ‘लॅरिंक्स’.

जे. याच्यानंतर स्वर येतो, जवळपास अपवाद न करता. मध्ये असेल तर जे-ई-सी-टी हा तुकडा शोधा: ‘इजेक्ट’, ‘रिजेक्ट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘सब्जेक्ट’, ‘इंजेक्ट’. छोट्यांत जे-ओ. आणि ‘जे’नंतर व्यंजन येण्याचा एक अपवाद आपल्याच ओळखीचा आहे: ‘ज्ञान’, जे-एन-ए-एन-ए.

व्ही. गुण चारच, पण त्रास जास्त. ‘व्ही’ असलेला एकही दोन अक्षरी शब्द ना उत्तर अमेरिकेच्या यादीत आहे ना कॉलिन्सच्या. म्हणजे दाट पटावर, जिथे शेजारच्या अक्षराशी दोन अक्षरी शब्द जुळावा लागतो, ते समांतर बसवता येत नाही. ते जितक्या लवकर सोडवाल तितकं बरं: ‘व्हाय’ व्ही-आय-ई, ‘व्हाया’, ‘व्हाउ’ व्ही-ओ-डब्ल्यू, ‘व्हेक्स’, ‘आयव्ही’, ‘ईव्ह’. ‘सी’ची कथा जवळपास अशीच, कॉलिन्समध्ये सी-एच आहे, उत्तर अमेरिकेत तोही नाही.

आपल्या ओळखीच्या शब्दांवरून आठवलं: राजा, राणी, गुरू, घाट, आश्रम, लाख, घेराव, धरणं हे सगळे इंग्रजी शब्दकोशात आहेत आणि स्क्रॅबलला चालतात. स्पेलिंग मात्र तिथलंच हवं. घेराव जी-एच-ई-आर-ए-ओ, धरणं डी-एच-ए-आर-एन-ए, लाख एल-ए-के-एच. इंग्रजीत क्वचित दिसणाऱ्या डी-एच आणि के-एच या जोड्या इथे उपयोगी पडतात.

स्वर फार झाले किंवा मुळीच नसले तर

स्वरांची गर्दी झाली की ‘ऑडिओ’ ए-यू-डी-आय-ओ, ‘अ‍ॅड्यू’ ए-डी-आय-ई-यू, ‘क्यू’ म्हणजे रांग, ‘इअरी’ ई-ई-आर-आय-ई. छोट्यांत ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई, ओ-आय. स्वर नसतील तर आधी ‘वाय’ शोधा, कारण ते व्यंजनांच्या गर्दीत स्वराचं काम करतं: ‘रिदम’, ‘निंफ’, ‘क्रिप्ट’, ‘ग्लिफ’, ‘मिथ’, ‘हिम’. ‘वाय’ही नसेल तर एच-एम, एस-एच, बी-आर-आर, टी-एस-के, पी-एस-एस-टी असे उद्गार आणि सी-डब्ल्यू-एम हा वेल्श भाषेतून आलेला दरीचा शब्द.

जागा ठरलेली असेल तेव्हा: वर्डल

जॉश वॉर्डल यांनी हा खेळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला. त्यातली एक गोष्ट खेळाडूसाठी मोलाची आहे. इंग्रजीतल्या सुमारे १२,००० पाच अक्षरी शब्दांतून त्यांच्या जोडीदार पलक शाह यांनी ओळखीचे शब्द निवडले आणि उत्तरांची यादी सुमारे २,५०० वर आणली. म्हणजे उत्तर बहुधा तुम्ही ऐकलेला शब्दच असतो, आणि चार अक्षरी शब्दाला नुसता ‘एस’ लावलेली अनेकवचनं उत्तर म्हणून सहसा येत नाहीत. स्क्रॅबलसाठी पाठ केलेले विचित्र शब्द इथे बाजूला ठेवा.

त्या मूळ उत्तरांत सर्वाधिक येणारी अक्षरं क्रमानं ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन अशी. सुरुवातीला ‘एस’ सर्वांत जास्त, शेवटी ‘ई’ आणि त्याखालोखाल ‘वाय’.

समजा पहिला अंदाज ‘स्लेट’, एस-एल-ए-टी-ई. ‘ई’ हिरवं झालं, म्हणजे योग्य घरात आहे; ‘ए’ पिवळं, म्हणजे शब्दात आहे पण या घरात नाही; बाकी तीन राखाडी, म्हणजे शब्दात नाहीत. आता घाईनं पुढचा शब्द टाइप करू नका, कागदावर पाच घरं काढा. शेवटच्या घरात ‘ई’. एस, एल, टी बाद. ‘ए’ शब्दात आहे पण तिसऱ्या घरात नाही, म्हणून पहिलं, दुसरं किंवा चौथं. चौथ्या घरात ठेवलं तर शब्द ए-ई ने संपेल, असे ओळखीचे शब्द जवळजवळ नाहीत. राहिली दोन घरं.

‘ए’ पहिल्या घरात धरून: ‘अबव्ह’, ‘अ‍ॅग्री’, ‘आर्ग्यू’, ‘अझूर’, ‘अ‍ॅनोड’. इथे ‘अवेक’ किंवा ‘अमेझ’ सुचेल, पण त्यांच्यात तिसऱ्या घरातही ‘ए’ आहे. तसं असतं तर ते हिरवं दिसलं असतं. पिवळ्या रंगात लपलेला हा नकार वाचायला अनेक जण विसरतात. ‘ए’ दुसऱ्या घरात धरून: ‘डान्स’, ‘रेंज’, ‘बार्ज’, ‘कार्व्ह’, ‘फार्स’, ‘बॅज’, ‘मेबी’, ‘कनू’. यादी डोळ्यांसमोर आली की कोणती अक्षरं वारंवार दिसतात ते बघा. आर, एन, जी. मग ‘रेंज’ हा दुसरा अंदाज चांगला: उत्तर नसला तरी तिन्ही अक्षरांचा आणि दुसऱ्या घराचा निकाल लागतो.

दुहेरी अक्षराचा एक नियम सांगून ठेवतो. अंदाजात दोन ‘ई’ टाकले आणि एक रंगीत, एक राखाडी आलं, तर शब्दात ‘ई’ एकच आहे. राखाडी पाहून ‘ई’ बाद करू नका.

आणि आय-जी-एच-टी चा सापळा. शेवटची चार घरं हिरवी, पहिल्यासाठी लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट आणि एट असे आठ उमेदवार. एकेक करून बघितलं तर संधी संपतात. त्याऐवजी ‘फिल्म्स’ टाका. एफ, एल, एम, एस या चारांचा निकाल एका फटक्यात. खेळाच्या कठीण प्रकारात मिळालेली अक्षरं पुढे वापरावीच लागतात, तिथे ही युक्ती चालत नाही; म्हणून तो प्रकार खेळत असाल तर चार घरं जुळण्याआधीच हा सापळा ओळखावा लागतो.

संगणकाची मदत

शब्दकोडं सोडवताना किंवा डाव संपल्यावर तपासताना साधनं जरूर वापरा. आधी यादी कोणती ते ठरवा. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांत एनडब्ल्यूएल ही यादी चालते, २०१८ च्या आवृत्तीत सुमारे १,९२,००० शब्द, त्यात दोन अक्षरी १०७. बाकी जगात बहुतेक ठिकाणी कॉलिन्स, २०१९ च्या आवृत्तीत सुमारे २,७९,००० शब्द. मोफत आणि मुक्त हवी असेल तर एनेबल नावाची सुमारे १,७२,००० शब्दांची यादी आहे. संकेतस्थळानं दाखवलेला शब्द तुमच्या खेळाच्या यादीत नसेल तर भांडण ठरलेलं, म्हणून यादीचं नाव खेळायला बसण्याआधी ठरवा.

शोधाच्या रकान्यात दोन खुणा जवळपास सगळीकडे चालतात. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर, तारांकित चिन्ह म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. शब्दकोड्यात सहा घरं, दुसरं ‘एच’ आणि शेवटचं ‘एम’ माहीत असेल तर: प्रश्नचिन्ह, एच, तीन प्रश्नचिन्हं, एम. उत्तरांत ‘रिदम’ दिसेल. ‘कुठेही झेड’ हवं असेल तर झेडच्या दोन्ही बाजूंना तारांकित चिन्ह. यादी स्प्रेडशीटच्या एका रकान्यात चिकटवली तर तिथल्या फिल्टरमध्येही हीच चिन्हं वापरता येतात. एकामागून एक फिल्टर लावा: आधी अक्षरसंख्या, मग असलेली अक्षरं, मग नसलेली.

थोडं प्रोग्रामिंग येत असेल तर रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना लिहून शोधायची रीत, शिकून घ्या. ‘क्यू’नंतर ‘यू’ नसलेले शब्द हवे असतील तर क्यू लिहून चौकटी कंसात ^ आणि यू, म्हणजे ‘यू सोडून कोणतंही अक्षर’. पण यात तलाकसारखे ‘क्यू’वरच संपणारे शब्द सुटतात, कारण तिथे पुढे अक्षरच नसतं. त्यांच्यासाठी क्यू आणि $ (म्हणजे शब्दाचा शेवट) असा दुसरा शोध जोडावा लागतो.

अक्षरं उलटसुलट करून शब्द शोधायची सगळ्यात सुंदर युक्ती मात्र फार साधी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमानं मांडायची. ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’, ‘टिन्सेल’ या चारही शब्दांचं मांडलेलं रूप एकच येतं: ई-आय-एल-एन-एस-टी. सगळ्या यादीसाठी हे रूप एकदा तयार केलं की ५,०४० मांडण्या तपासायची गरज राहत नाही. हातातली अक्षरं वर्णानुक्रमानं लावायची आणि ते रूप यादीत बघायचं. सातांपैकी कमी अक्षरांचे शब्दही हवे असतील तर एकाहून अधिक अक्षरांचे गट फक्त १२० होतात. पायथनसारख्या भाषेत हे मोजक्या ओळींचं काम आहे.

डाव चालू असताना मात्र साधन उघडू नका, समोर माणूस असो वा नसो. उत्तर तयार मिळालं की डोळ्याला सराव होत नाही. डाव संपल्यावर आपली अक्षरं टाकून बघा आणि जे शब्द माहीत असूनही दिसले नाहीत तेवढेच वहीत लिहा. माहीतच नसलेल्या शब्दांची यादी वेगळी, आणि ती वाढवायची घाई नाही.

सरावाला एक बीज

रोज दहा मिनिटं असतील तर आर-ई-टी-आय-एन-ए हे सहा अक्षरांचं बीज घ्या, म्हणजे डोळ्यातला ‘रेटिना’. स्क्रॅबलचे खेळाडू अशी बीजं मुद्दाम जपतात, कारण त्यांत एक अक्षर मिसळलं की सात अक्षरी शब्द होण्याची शक्यता फार मोठी. रोज एक अक्षर जोडा आणि यादी न बघता शोधा. ‘सी’ जोडलं की ‘सर्टन’. ‘डी’ जोडलं की ‘ट्रेन्ड’, म्हणजे प्रशिक्षित. ‘पी’नं ‘पेंटर’, ‘टी’नं ‘नायट्रेट’, ‘एल’नं ‘रिलायंट’. ‘एच’ आलं की शेजारी शोधायची सवय इथे फसवते, कारण ‘हेअरनेट’ ‘एच’नेच सुरू होतो. ‘जी’चं उत्तर वर येऊन गेलं आहे, तीनदा. ‘के’, ‘एम’ आणि ‘एफ’ तुमच्यासाठी ठेवतो. ‘के’च्या उत्तरानं आपली नखं आणि केस बनलेले असतात.